नासका आंबा, की नासलेली अढी?

१० जुलै २०११ च्या रविवारी लंडनमध्ये ‘न्यूज ऑफ द वर्ल्ड’ या साप्ताहिक वृत्तपत्राचा शेवटचा अंक निघाला. १८४३ साली सुरू झालेले हे पत्र १६८ वर्षे जगले. बंद पडताना त्याचा खप सव्वीस लाखांच्या वर होता. १९५० च्या सुमारास तर तो ऐंशी लाखांच्या घरात पोचला होता. वर्गणीदार आटले, कागदाचे बिल थकले आणि अंक थांबला, अशी जी मरणे आपल्याकडील ध्येयवादी नियतकालिकांच्या वाट्याला येतात, त्यांच्याशी या मरणाचे काहीएक साम्य नाही. हे पत्र धडधाकट होते. लोकांचे दूरध्वनीवरील संदेश चोरून ऐकायचे आणि त्यांच्या बातम्या करून विकायच्या, हा त्याचा उद्योग चव्हाट्यावर आला, आणि आठवडाभराच्या आत मालकानेच त्याचा गळा दाबला.

या घटनेला आता एक तप उलटून गेले आहे. चोरी कशी झाली याच्या कथा पुष्कळ सांगून झाल्या. राजपुत्र, नट-नट्या आणि फुटबॉलपटू यांची नावे त्यांत असल्यामुळे त्या चवीने ऐकल्याही गेल्या. परंतु ही चोरी इतकी वर्षे बिनबोभाट कशी चालली, पकडली गेल्यावर शिक्षा कोणाला झाली आणि मोकळे कोण राहिले, याचा हिशेब फारसा कोणी मांडत नाही. वृत्तपत्रस्वातंत्र्याची चाड असणाऱ्या आणि त्याच वेळी वृत्तपत्रांवरील धनसत्तेची पकड ओळखून असणाऱ्या कार्यकर्त्यांनी तरी तो मांडला पाहिजे. म्हणून हा प्रपंच.

चोरीची रीत

या चोरीला फारशी विद्या लागत नव्हती. मोबाईल फोनचा मालक फोन उचलत नसला की बोलणाऱ्याचा निरोप कंपनीच्या यंत्रात नोंदला जाई. तो निरोप दुसऱ्या कोणत्याही फोनवरून ऐकता येत असे. त्यासाठी चार आकडी सांकेतिक क्रमांक पुरे होता. बहुसंख्य ग्राहक कंपनीने मुळात दिलेला क्रमांक कधी बदलतच नसत. तेव्हा एकाने फोन करून लाइन अडवून धरायची आणि त्याच वेळी दुसऱ्याने फोन लावून निरोपांच्या पेटीत शिरायचे, एवढी साधी युक्ती होती. एखाद्याने क्रमांक बदललाच असेल, तर कंपनीच्या नोकराला थाप मारून तो पुन्हा मूळपदावर आणून घ्यायचा. एखादी बातमी मिळविण्यासाठी बातमीदाराला महिनाभर वणवण करावी लागते, दहा माणसांचा विश्वास संपादन करावा लागतो, कागदपत्रे तपासावी लागतात. येथे ते काम खुर्चीवर बसून तासाभरात होत होते. दर रविवारी खळबळ माजविणारा मजकूर कमीत कमी खर्चात हवा असलेल्या मालकाच्या दृष्टीने याहून किफायतशीर यंत्र दुसरे कोणते असणार?

२००६ च्या ऑगस्टमध्ये या पत्राचा राजघराण्याविषयीचा संपादक क्लाइव्ह गुडमन आणि पत्राने पोसलेला खाजगी गुप्तहेर ग्लेन मुल्केअर यांना अटक झाली. जानेवारी २००७ मध्ये पहिल्याला चार महिन्यांची आणि दुसऱ्याला सहा महिन्यांची कैद झाली. संपादक अँडी कूलसन यांनी आपल्याला काहीच ठाऊक नव्हते असे सांगून राजीनामा दिला. कंपनीने जाहीर केले की, हा एका वाट चुकलेल्या बातमीदाराचा अपराध होय. बाकीचे सारे कार्यालय स्वच्छ आहे.

आपल्याकडे म्हण आहे की, एक नासका आंबा सारी अढी नासवतो. कंपनीचा सारा बचाव या म्हणीवर उभा होता: नासका आंबा आम्ही काढून टाकला आहे, आता अढी निर्धोक आहे. परंतु गुप्तहेराच्या घरातून पोलिसांनी जप्त केलेल्या टिपणांची पाने ११,००० होती आणि त्यांत हजारो माणसांची नावे होती. संभाव्य बळींची संख्या सुमारे ५,८०० असल्याचे पुढे २०११ मध्ये पोलिसांनीच सांगितले. राजघराण्यावर लिहिणाऱ्या एका बातमीदाराला इतक्या माणसांशी काय कर्तव्य? हा प्रश्न शेंबड्या पोरालाही पडला असता. लंडनच्या पोलिसांना मात्र तो पडला नाही. टिपणांचे ते ढिगारे कचऱ्याच्या पिशव्यांत भरून पडून राहिले.

कुंपण शेत खाते

‘गार्डियन’ दैनिकाचे निक डेव्हिस यांनी जुलै २००९ मध्ये पहिला दरवाजा फोडला. मर्डोक यांच्या कंपनीने फिर्याद करणाऱ्यांची तोंडे बंद करण्यासाठी दहा लाख पौंडांहून अधिक रक्कम गुपचूप मोजली आहे, असे त्यांनी छापले. तपासाचा फेरविचार करण्याचे काम एका वरिष्ठ पोलीस अधिकाऱ्याकडे आले. त्यांनी तो विचार एका दिवसात उरकला आणि नव्याने तपास करण्याजोगे काही नाही असे सांगून टाकले. वृत्तपत्रधंद्याने स्वतःच्या खर्चाने चालविलेल्या तक्रार आयोगाने तर आणखी पुढची मजल गाठली. चोरीचा व्यापक पुरावा नसल्याचा निर्वाळा देऊन त्याने उलट ‘गार्डियन’लाच दोष दिला. तो निर्वाळा त्याला २०११ मध्ये मागे घ्यावा लागला.

पोलिसांच्या या आंधळेपणाचे मूळ पुढे हळूहळू बाहेर आले. २००९ च्या अखेरीपासून सुमारे एक वर्ष लंडन पोलिसांनी आपल्या प्रसिद्धीच्या कामासाठी सल्लागार म्हणून जो मनुष्य नेमला होता, तो याच पत्राचा माजी कार्यकारी संपादक होता. त्याच्याही आधी, मार्च २००३ मध्ये, मर्डोक यांच्या दुसऱ्या पत्राच्या, म्हणजे ‘सन’च्या, संपादक रिबेका ब्रुक्स यांनी संसदीय समितीपुढे आपण पूर्वी पोलिसांना माहितीसाठी पैसे दिले आहेत असे सांगून टाकले होते. पोलिसांना लाच देणे हा इंग्लंडातही गुन्हाच आहे. त्या कबुलीनंतर आकाश कोसळले नाही. एखादा शिपाईही चौकशीला आला नाही. चोराला पकडणाराच चोराच्या पंक्तीला बसू लागला, तर ज्याच्या घरात चोरी झाली त्याने कोठे जावे?

४ जुलै २०११ रोजी ‘गार्डियन’ने छापले की, २००२ साली बेपत्ता झालेल्या आणि नंतर खून झाल्याचे उघड झालेल्या एका तेरा वर्षांच्या शाळकरी मुलीच्या फोनवरील निरोप या पत्राने चोरून ऐकले होते. मुलीचा शोध चालू होता, आईवडील तिला निरोपामागून निरोप ठेवत होते, आणि बातमीच्या आशेने परकी माणसे ते ऐकत होती. राजपुत्रांच्या प्रेमप्रकरणांवर हसणारा इंग्लंडातील सामान्य वाचक त्या दिवशी हादरला. ही आपल्यासारख्याच घरातील पोर आहे हे त्याला कळले. २००५ च्या लंडनमधील बॉम्बस्फोटांत बळी पडलेल्यांच्या काही नातेवाइकांनाही पोलिसांनी त्याच आठवड्यात सावध केले.

येथे एक गोष्ट प्रामाणिकपणे नोंदविली पाहिजे. मुलीचे काही निरोप या पत्राच्या माणसांनीच पुसले आणि त्यामुळे ती जिवंत असल्याची खोटी आशा आईवडिलांना लागली, असेही पहिल्या बातमीत म्हटले होते. तो भाग पुढे सिद्ध होऊ शकला नाही आणि ‘गार्डियन’ने तशी दुरुस्ती छापली. निरोप चोरून ऐकले गेले, ही गोष्ट मात्र निर्विवाद राहिली. बलाढ्यांविरुद्ध लढणाऱ्यांनी एक अक्षरही वाजवीपेक्षा जास्त बोलू नये. त्यांची एक चूक प्रतिपक्षाला दहा वर्षे पुरते.

दुकान का बंद झाले?

त्यानंतरच्या पंधरवड्यात जे घडले ते पाहून पुष्कळांना नैतिकतेचा विजय झाल्याचा भास झाला. ब्रुक्स आता इंग्लंडातील साऱ्या व्यवसायाच्या प्रमुख झाल्या होत्या. त्यांनी राजीनामा दिला. लंडनच्या पोलीस आयुक्तांनी आणि २००९ चा फेरविचार एका दिवसात उरकणाऱ्या त्यांच्या सहकाऱ्यानेही पदे सोडली. १९ जुलै रोजी खुद्द रूपर्ट मर्डोक पुत्रासह संसदीय समितीपुढे येऊन बसले आणि हा आपल्या आयुष्यातील सर्वांत नम्र करणारा दिवस असल्याचे म्हणाले.

परंतु घटनांचा क्रम नीट पाहावा. पत्र बंद करण्याचा निर्णय होण्याआधी वाचकांनी पत्र टाकले नव्हते. न्यायालयाने ते बंद केले नव्हते. संसदेने ठराव केला नव्हता. मोठमोठे जाहिरातदार पळू लागले होते. आणि त्याहून महत्त्वाचे म्हणजे, ‘बीस्कायबी’ या उपग्रह दूरचित्रवाणी कंपनीतील उरलेले ६१ टक्के भाग विकत घेण्याचा सुमारे आठ अब्ज पौंडांचा व्यवहार त्या वेळी सरकारच्या उंबरठ्यावर येऊन थांबला होता. एका वृत्तपत्राचा बळी देऊन तो व्यवहार वाचविता येईल असा हिशेब होता. तो चुकला, १३ जुलैला बोली मागे घ्यावी लागली. पण हिशेब होता तो व्यापाऱ्याचा. पश्चात्तापाचा त्याच्याशी संबंध नव्हता. याचा पुरावा सात महिन्यांतच मिळाला. २६ फेब्रुवारी २०१२ रोजी त्याच मालकाने ‘सन’ची रविवारची आवृत्ती काढली आणि रिकामी झालेली गादी पुन्हा मांडून घेतली. मधल्या काळात ‘न्यूज ऑफ द वर्ल्ड’मधील सुमारे दोनशे माणसे घरी बसली. त्यांपैकी बहुतेकांनी कोणाचाही निरोप कधी चोरून ऐकला नव्हता.

वॅपिंगची भिंत

अढी नासली कोठून, याचे उत्तर शोधायचे तर २००६ पासून वीस वर्षे मागे, पूर्व लंडनमधील वॅपिंग या गोदीच्या वस्तीत जावे लागते. १९६९ साली ‘न्यूज ऑफ द वर्ल्ड’ आणि ‘सन’ मर्डोक यांच्या हाती आले. १९८१ साली ‘टाइम्स’ आणि ‘संडे टाइम्स’ आले. हा दुसरा व्यवहार मक्तेदारी आयोगाकडे न पाठविताच पार पडला. त्यापूर्वी काही दिवस मर्डोक यांनी पंतप्रधान थॅचर यांच्याबरोबर त्यांच्या ग्रामीण निवासस्थानी भोजन घेतले होते. ही भेट झाल्याचे कागद तीस वर्षांनी, २०१२ मध्ये, उघड झाले.

१९८६ च्या जानेवारीत मर्डोक यांनी चारही पत्रे एका रात्रीत वॅपिंगच्या नव्या कारखान्यात हलविली. हा कारखाना एका नव्या सायंदैनिकासाठी उभारीत असल्याचे कामगारांना सांगण्यात आले होते. संपावर गेलेल्या सुमारे साडेपाच हजार छपाई कामगारांना बडतर्फ करण्यात आले. काटेरी तारांच्या कुंपणाबाहेर त्यांनी एक वर्षाहून अधिक काळ, फेब्रुवारी १९८७ पर्यंत, धरणे धरले. घोडेस्वार पोलीस त्यांच्या अंगावर आले. लढा हरला. छपाई कामगारांच्या संघटनांमध्ये दोष नव्हते असे कोणी म्हणणार नाही. नव्या यंत्रांना कायमचा विरोध करून चालण्यासारखे नव्हते, हेही खरे. परंतु वॅपिंगला प्रश्न केवळ यंत्रांचा नव्हता. वृत्तपत्राच्या कार्यालयात मालकाला ‘नाही’ म्हणू शकणारी कोणतीही संघटित शक्ती शिल्लक राहू द्यायची की नाही, हा प्रश्न होता.

पत्रकारांपुढे त्या वेळी वर्षाला दोन हजार पौंडांची वाढ आणि खाजगी आरोग्यविमा ठेवण्यात आला. त्यांच्या संघटनेने तेथे जाऊ नका असे सांगितले होते. काही थोड्यांनी खरोखरच नकार दिला आणि नोकऱ्यांवर पाणी सोडले. बहुतेक जण आत गेले. खाली छापणाऱ्याच्या हातचे काम गेले तेव्हा वर लिहिणाऱ्याला वाटले की, ही आपली लढाई नव्हे. पुढे राष्ट्रीय पत्रकार संघटनेची मान्यताच कंपनीने काढून घेतली आणि तिच्या जागी स्वतःच्या आश्रयाखालील एक कर्मचारी मंडळ उभे केले. त्या मंडळाला स्वतंत्र कामगार संघटना म्हणून प्रमाणपत्र देण्यास संबंधित सरकारी अधिकाऱ्याने नकार दिला. तरीही ते अस्तित्वात असल्याची कायदेशीर पळवाट दाखवून खऱ्या संघटनेला दार बंदच ठेवण्यात आले.

या भिंतीआड जी पिढी वाढली तिच्यापुढे दर आठवड्याला एकच प्रश्न असे: बातमी आणली का? कशी आणली, हे विचारणारा कोणी नव्हता, आणि ‘अशी आणणार नाही’ असे म्हणणाऱ्याच्या पाठीशीही कोणी नव्हता. या पत्रातील एका क्रीडा बातमीदाराचा संपादकीय वरिष्ठांकडून इतका छळ झाला की, तो आजारी पडला आणि आजारपणाच्या रजेवर असतानाच त्याला काढून टाकण्यात आले. कामगार न्यायाधिकरणाने २००९ मध्ये त्याला सुमारे आठ लाख पौंडांची भरपाई देवविली. त्या निकालाची बातमी मोठी झाली नाही. परंतु फोनचोरी कशी जन्मली हे समजून घ्यायचे असेल, तर तो निकाल त्या ११,००० पानांइतकाच बोलका आहे. भीती आणि स्पर्धा यांच्या अढीत आंबे घातले, तर ते नासणारच.

चोर सोडून संन्याशाला फाशी

आता शिक्षेचा हिशेब. आठ महिने चाललेल्या खटल्यात जून २०१४ मध्ये कूलसन दोषी ठरले आणि त्यांना दीड वर्षाची कैद झाली. मधल्या काळात ते विरोधी पक्षनेते आणि मग पंतप्रधान झालेल्या डेव्हिड कॅमेरॉन यांचे प्रसिद्धिप्रमुख होऊन थेट पंतप्रधानांच्या कार्यालयात बसले होते, ही गोष्ट विसरू नये. ब्रुक्स निर्दोष सुटल्या. न्यायालयाचा निर्णय मान्य केलाच पाहिजे. परंतु २०१५ च्या सप्टेंबरमध्ये त्या पुन्हा त्याच व्यवसायाच्या प्रमुखपदी आल्या, हा निर्णय न्यायालयाचा नव्हता, मालकाचा होता.

दुसरीकडे, स्वतःची कातडी वाचविण्यासाठी कंपनीने एक अंतर्गत समिती नेमली आणि ‘सन’च्या बातमीदारांचे जुने संगणकीय पत्रव्यवहार पोलिसांच्या स्वाधीन केले. त्यांत ज्यांनी माहिती पुरविली त्यांची नावे होती. माहिती देणाऱ्याचे नाव प्राण गेला तरी सांगू नये, हा पत्रकाराचा पहिला धर्म. येथे मालकानेच ती नावे परस्पर देऊन टाकली. पुढे बहुतेक पत्रकार खटल्यांतून सुटले. पण पोलीस, तुरुंगरक्षक आणि तत्सम सरकारी नोकर मात्र तुरुंगात गेले. त्यांच्यातले काही लोभी होते, यात संशय नाही. परंतु पैसे देणाऱ्या व्यवस्थेच्या शिखरावरचा मनुष्य बाहेर, आणि पैसे घेणारा पायरीवरचा मनुष्य आत, असा हा न्याय आहे. मे २०१२ मध्ये संसदीय समितीने बहुमताने मर्डोक यांना मोठी आंतरराष्ट्रीय कंपनी चालविण्यास अपात्र म्हटले. त्यांनी ती पुढे अकरा वर्षे चालविली आणि २०२३ मध्ये, वयाच्या ब्याण्णवाव्या वर्षी, पुत्राच्या हाती सोपविली.

आपल्या घरातील दोष

येथवर वाचून कोणी समाधानाने मान डोलावीत असेल, तर त्याने थोडे थांबावे. या प्रकरणात ब्रिटनच्या मजूर पक्षाचे हातही स्वच्छ नाहीत. जुलै १९९५ मध्ये टोनी ब्लेअर मर्डोक यांच्या कंपनीच्या मेळाव्यात भाषण करण्यासाठी थेट ऑस्ट्रेलियाजवळच्या एका बेटावर गेले. १९९७ च्या निवडणुकीत ‘सन’ने मजूर पक्षाला पाठिंबा दिला. मक्तेदारीला लगाम घालण्याची भाषा त्यानंतर विरून गेली, आणि ब्लेअर पुढे मर्डोक यांच्या कन्येचे धर्मपिता झाले. ज्यांनी वॅपिंगच्या कामगारांच्या वर्गण्यांवर पक्ष उभा केला, त्यांच्या नेत्याने वॅपिंगच्या मालकाच्या दारी जाऊन सत्तेचा टिळा लावून घेतला. टॉम वॉटसन आणि ख्रिस ब्रायंट या त्याच पक्षाच्या खासदारांनी पुढे मर्डोकविरुद्ध चिवट लढा दिला, हे नमूद केले पाहिजे. परंतु तो दोघाचौघांचा लढा होता.

दुसरा दोष याहून बोचरा आहे. ‘मिरर’ हे मजूर पक्षाचे परंपरागत पाठीराखे दैनिक. त्याच्या समूहानेही हाच उद्योग केला होता. डिसेंबर २०२३ मध्ये लंडनच्या उच्च न्यायालयाने राजपुत्र हॅरी यांच्या दाव्यात निकाल दिला की, या समूहात २००६ ते २०११ या काळात फोनचोरी व्यापक प्रमाणावर चालू होती. हॅरी यांना १,४०,६०० पौंड भरपाई मिळाली. मते डावी असली म्हणून धंद्याची रीत बदलत नाही. खपाच्या स्पर्धेत उतरलेले आणि मालकाच्या नफ्याला बांधलेले पत्र कोणत्याही रंगाचे असो, शेवटी त्याच आडवाटेला लागते. तेव्हा आपले मालक चांगले आणि त्यांचे वाईट, अशा समजुतीने हा प्रश्न सुटणार नाही.

स्वातंत्र्य कोणाचे?

न्यायमूर्ती लेव्हसन यांच्या चौकशीचा अहवाल २९ नोव्हेंबर २०१२ रोजी आला. सरकार आणि वृत्तपत्रमालक या दोघांपासूनही स्वतंत्र असे नियामक मंडळ असावे आणि त्याच्या स्वातंत्र्याची पडताळणी कायद्याच्या आधाराने व्हावी, हे त्याचे सार. मोठ्या वृत्तपत्रसमूहांनी ते मानले नाही. त्यांनी स्वतःचे निराळे मंडळ स्थापिले आणि पडताळणीला नकार दिला. मान्यताप्राप्त मंडळात न येणाऱ्या पत्रावर दाव्याचा दोन्ही बाजूंचा खर्च बसविणारे एक कलम २०१३ च्या कायद्यात घातले होते. ते कधी अमलातच आणले गेले नाही आणि २०२४ मध्ये रद्द झाले. पोलीस आणि वृत्तपत्रे यांच्या संबंधांची तपासणी करणारा चौकशीचा दुसरा भाग तर मार्च २०१८ मध्ये सरकारने गुंडाळूनच टाकला. म्हणजे, कुंपणाने शेत कसे खाल्ले, हे अधिकृतपणे कधी तपासलेच गेले नाही.

हे कलम म्हणजे सरकारी मुस्कटदाबी होय, असे वृत्तपत्रांचे म्हणणे होते. आपण ते हसण्यावारी नेता कामा नये. २५ जून १९७५ च्या रात्री दिल्लीतील वृत्तपत्रांच्या छापखान्यांची वीज कशी तोडली गेली, त्यानंतर पूर्वनियंत्रणाची कात्री कशी चालली, हे ज्यांनी अनुभवले, त्यांनी सरकारच्या हाती नवा दोर देताना दहादा विचार करावा. जिंकलेल्या पत्रालाही खर्चाचा दंड करणारी तरतूद एखाद्या लहान पत्राला सहज बुडवू शकते. पण प्रश्नाची दुसरी बाजूही तेवढीच खरी आहे. २०२४ मध्ये अभिनेता ह्यू ग्रँट यांनी ‘सन’विरुद्धचा आपला दावा तडजोडीने मिटविला, जिंकूनही सुमारे एक कोटी पौंडांचा खर्च अंगावर येण्याची भीती होती, हे कारण त्यांनी दिले. जेथे श्रीमंत नटाला न्यायालय परवडत नाही, तेथे त्या शाळकरी मुलीच्या आईवडिलांसारख्यांनी काय करावे? जानेवारी २०२५ मध्ये मर्डोक यांच्या कंपनीने हॅरी आणि वॉटसन यांची क्षमा मागितली आणि ‘सन’साठी काम करणाऱ्या खाजगी गुप्तहेरांनी बेकायदा कृत्ये केल्याचे मान्य केले. पण तेही निकालाच्या दारात, तडजोडीची रक्कम मोजून. खटला उभा राहिलाच नाही. साक्षीपुरावा लोकांपुढे आलाच नाही. पैशाने मौन विकत घेण्याची जी रीत २००९ मध्ये उघडी पडली होती, ती अशा रीतीने प्रतिष्ठित झाली.

सरकारची कात्री नको आणि मालकाची मनमानीही नको, असे म्हणणाऱ्याला तिसरा आधार शोधावा लागतो. तो आधार वृत्तपत्रात काम करणाऱ्या माणसाच्या सुरक्षिततेत आहे. लेव्हसन यांच्यापुढे ब्रिटिश पत्रकार संघटनेने अनेक पत्रकारांच्या, नावे न सांगता दिलेल्या, साक्षी मांडल्या आणि एक मागणी केली: सदसद्विवेकाला न पटणारे काम नाकारल्याबद्दल पत्रकाराला काढून टाकता येऊ नये, असे कलम त्याच्या करारात असावे. लेव्हसन यांनी या मागणीचा विचार व्हावा अशी शिफारसही केली.

आपल्या वाचकांना ठाऊक असो वा नसो, भारताच्या कायद्यात या तत्त्वाचे बीज इंग्लंडच्या आधी पडले होते. न्यायमूर्ती राजाध्यक्ष यांच्या अध्यक्षतेखालील पहिल्या वृत्तपत्र आयोगाने १९५४ मध्ये अहवाल दिला. त्यातून १९५५ चा श्रमिक पत्रकार कायदा आला. वेतनमंडळे आली, कामाचे तास ठरले, काढून टाकण्यापूर्वीच्या नोटिशीची मुदत ठरली. आणि पुढे साठच्या दशकातील दुरुस्तीने असेही ठरले की, तीन वर्षे सेवा केलेल्या पत्रकाराने सदसद्विवेकाच्या कारणावरून राजीनामा दिला, तर त्याला ग्रॅच्युइटी मिळावी. रक्कम थोडी, पण मालकापेक्षा विवेक मोठा असू शकतो, हे कायद्याने मान्य केले. २०२० साली संसदेने संमत केलेल्या श्रमसंहितेत हा स्वतंत्र कायदा रद्द करण्याची तरतूद झाली, तेव्हा मराठी वृत्तपत्रांत त्याची चर्चा किती झाली? कंत्राटावर नेमलेल्या बातमीदाराला तर तो कायदा त्याच्या कितीतरी आधीपासून कागदावरच उरला होता.

मर्डोक हे आपल्याला परके नाव नाही. २००७ साली सुरू झालेल्या ‘स्टार माझा’ या मराठी वृत्तवाहिनीच्या कंपनीत त्यांच्या समूहाचा वाटा होता. २०१२ मध्ये तो समूह बाहेर पडला आणि वाहिनी ‘एबीपी माझा’ झाली. त्यांचा भारतातील उरलेला मनोरंजनाचा व्यवसायही २०१९ मध्ये डिस्नी कंपनीकडे गेला. मालक गेले, पण सर्वांत आधी, सर्वांत मोठ्याने आणि सर्वांत स्वस्तात, ही धंद्याची घडी मागे राहिली.

तेव्हा कार्यकर्त्यांनी करायचे काय? आपल्या तालुक्यात, जिल्ह्यात जो बातमीदार शब्दांवर किंवा बातमीवर मोबदला घेऊन राबतो, त्याला नेमणूकपत्र आहे का, हे त्याला विचारावे. पत्रकारांची संघटना जेथे जिवंत आहे, तेथे तिच्यामागे कामगार चळवळीने उभे राहावे. तो बुद्धिजीवी आणि आपण श्रमजीवी, ही वॅपिंगमधील चूक पुन्हा होऊ देऊ नये. आणि वाचक म्हणून आपली शक्ती ओळखावी. १९८९ मध्ये हिल्सबरोच्या मैदानावर चेंगरून मेलेल्या फुटबॉलप्रेमींवर ‘सन’ने खोटे आरोप छापले. लिव्हरपूल या कामगारांच्या शहराने तेव्हापासून त्या पत्रावर घातलेला बहिष्कार दशकांमागून दशके टिकला. त्या मृत्यूंत प्रेक्षकांचा दोष नव्हता, हा निर्णय चौकशी न्यायालयात ज्यूरीने २०१६ मध्ये दिला. जाहिरातदार एका आठवड्यात पळतात आणि सात महिन्यांत परततात. तसे त्या शहरातील वाचकांनी केले नाही.

‘न्यूज ऑफ द वर्ल्ड’ गेले, त्याचे कोणी सुतक पाळण्याचे कारण नाही. म्हातारी मेल्याचे दुःख नाही. पण काळ सोकावला आहे. पत्र बंद करता येते, तडजोड करता येते, चौकशी अर्ध्यावर थांबविता येते आणि मग धंदा पूर्ववत चालू ठेवता येतो, एवढे तो शिकला आहे.